मासे आधी, जिवाणू मागाहून

पुण्या-मुंबईत फिशटँक ठेवणाऱ्या घरांत एक नियम वर्षानुवर्षं चालत आलाय: नळाचं पाणी बादलीत भरून रात्रभर उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातो, सकाळी ते टँकमध्ये ओतायचं. नियम चांगला आहे आणि तिकडे चालतोही. हाच नियम सोबत घेऊन मराठी कुटुंबं सिंगापूरला येतात, एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहसंकुलातल्या, फ्लॅटमध्ये दोन फुटी टँक मांडतात, बादली भरून ठेवतात, दुसऱ्या दिवशी मासे सोडतात. आठवड्याभरात मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडू लागतात, आणि मग फोन येतो, ‘काका, पाणी तर रात्रभर ठेवलं होतं!’

इथे बादली चार रात्री ठेवली तरी भागत नाही. सिंगापूरचा पाणीपुरवठा पाहणारी पीयूबी ही सरकारी संस्था निर्जंतुक केलेलं पाणी नळापर्यंत तसंच राहावं म्हणून त्यात क्लोरामिन ठेवते. क्लोरामिन म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचा संयोग. उष्ण हवेत, लांबच लांब नळांतून फिरताना तो नुसत्या क्लोरीनपेक्षा जास्त टिकतो आणि नको असलेली उपद्रवी संयुगंही कमी तयार होतात. पिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने उत्तम व्यवस्था. जोहोरहून येणारं पाणी, इथल्या जलाशयांत साठवलेलं पावसाचं, समुद्राचं गोडं केलेलं आणि सांडपाणी शुद्ध करून मिळवलेलं ‘न्यूवॉटर’, अशा चार वाटांनी पाणी मिळवणाऱ्या या बेटाचं मला अपार कौतुक आहे. पण माशाची गोष्ट वेगळी. तो हे पाणी कल्ल्यांतून सतत गाळत असतो. दुकानातल्या साध्या अँटिक्लोरीनने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, क्लोरामिन फोडला की क्लोरीन निकामी होतो आणि त्याला धरून बसलेला अमोनिया मोकळा सुटतो. म्हणजे सिंगापुरात नव्या टँकमध्ये मासा पडायच्या आधीच अमोनिया हजर असतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं, म्हणून ती आधी सांगितली.

नेहमीची पार्श्वभूमी थोडक्यात: मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला घातक, तिसरा बऱ्यापैकी सुसह्य, आणि तो पाणी बदलून काढता येतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी झाली की टँक ‘सायकल’ झाला म्हणायचं. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे.

आता माझ्या आवडीचा भाग. या जिवाणूंचा शोध कसा लागला हे वाचल्यापासून स्पंज पिळताना मला ती माणसं आठवतात. १८७७ मध्ये फ्रान्समधल्या श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोघांनी एक लांब नळी वाळू आणि चुनखडीने भरली आणि तिच्यातून सांडपाणी अगदी सावकाश सोडायला सुरुवात केली. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून जेवढा अमोनिया आत जाई तेवढाच खालून बाहेर येई. मग अचानक नायट्रेट दिसू लागलं. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा काम थांबलं. क्लोरोफॉर्म काढून थोडी मातीची निवळ घातली, काम पुन्हा सुरू. म्हणजे हे काम रसायनांचं आपोआप चाललेलं नव्हतं, कोणीतरी जिवंत ते करत होतं. त्या नळीतले वीस दिवस आणि नव्या टँकमधला ताटकळवणारा काळ एकाच जातीचे आहेत.

पुढे १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्कीने हे जिवाणू वेगळे काढले. इतरांना ते जमत नव्हतं, कारण सगळे त्यांना पौष्टिक खाद्य देत होते आणि यांना ते नको होतं. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणावर जगणारे आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेणारे हे जीव. अशा काटकसरीमुळे त्यांची वाढ मंद असते. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना अर्धा-एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. टँकच्या बाबतीत घाई का चालत नाही याचं खरं कारण हे.

मत्स्यपालनाची जुनी पुस्तकं नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव छापत राहिली. १९९८ मध्ये टिमथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरा करतो. २००५ मध्ये अमोनिया खाणारा एक आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्याच कुळातला सूक्ष्मजीव, प्रथमच वेगळा वाढवण्यात आला, तो सिएटल ॲक्वेरियमच्या उष्ण कटिबंधीय खाऱ्या टँकमधून. आणि २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा अख्खा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधले. शंभर वर्षं जे काम दोन वेगळ्या जिवाणूंत वाटलेलं मानलं गेलं, ते करणारा एकच जीव माशांच्या पाण्यात निघाला! छंदिष्ट माणसाला याहून मोठा आनंद कुठला?

रिकामा टँक अमोनियाचे थेंब घालून सायकल करावा आणि मासे शेवटी आणावेत, हे शास्त्रशुद्ध. माझंही मत तेच. पण लहान मुलं असलेल्या घरात टँक आणि मासे एकाच दिवशी येतात. चिनी नववर्षाच्या आधी तर शुभशकुन म्हणून अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न घेणाऱ्यांची दुकानांत रीघ लागते. सेरंगून नॉर्थ ॲव्हेन्यू १ वरच्या ब्लॉकखालच्या रांगेत किंवा क्लेमेंटीतल्या ३२८ क्रमांकाच्या ब्लॉकखाली रविवारी संध्याकाळी जाऊन पाहा. पाण्याने फुगवलेल्या पिशव्या हातात घेतलेली मुलं आईबाबांच्या पुढे धावत असतात. त्या मुलाला ‘सहा आठवडे थांब’ सांगणं मला कधीच शक्य वाटलेलं नाही. मासे सोडूनच सायकल करायची असेल तर ती निगुतीने करावी, एवढाच माझा आग्रह.

मासा कोणता? माझं पहिलं मत गप्पीला. महाराष्ट्रात आरोग्य खातं डासांच्या अळ्या खायला विहिरी-हौदांत सोडतं तोच हा गप्पी. इथे जुनी माणसं लहानपणी ‘लोंगकांग’मध्ये, म्हणजे उघड्या नाल्यांत, जाळी घेऊन गप्पी पकडायची. सुंगेई तेंगाहला चिआन हूच्या मत्स्यशेतीवर आजही मुलांसाठी लोंगकांग फिशिंग ठेवलेलं असतं, आणि मी पाहुण्यांना प्राणिसंग्रहालयाआधी तिथे नेतो. नाल्यात निभावणारा मासा नव्या टँकमध्येही निभावतो, पण म्हणून त्याला त्रास होत नाही असं नाही. दुसरं मत झेब्रा डॅनिओला. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात प्रथम नोंदवलेला हा आपल्याकडचा मासा. साठ लिटरच्या टँकला असे चार-पाच पुरेत. निऑन टेट्रा, डिस्कस किंवा इथलाच देखणा हार्लेक्विन रासबोरा पहिल्या महिन्यात आणू नये.

मग मुख्य काम. ज्याचा टँक जुना आणि निरोगी आहे अशा ओळखीच्या माणसाकडून फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून आणावा. तो टँकच्याच पाण्यात ओला ठेवून तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. दह्याला विरजण लागतं तसंच हे, आणि बाटलीतल्या बहुतेक जिवाणूंपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. स्पंज हलकेच पिळल्यावर जो तपकिरी गाळ सुटतो, तो घाण म्हणून बेसिनमध्ये ओतू नका. त्यातला थोडा नव्या खड्यांवर पडू द्या. पाणी दिवसभर गढूळ दिसेल, नंतर निवळेल.

टेस्ट किट घ्यायचं तर थेंबांचं. पाच मिलिलिटर पाणी, थेंब मोजून, झाकण लावून हलवायचं आणि पाच मिनिटांनी नळी पांढऱ्या कागदासमोर धरून खिडकीच्या उजेडात पाहायची. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि हिरवट यांतला फरक नीट कळत नाही. अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी बदलायचं, पाव ते अर्धा टँक, रोज लागलं तर रोज. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. दहा-बारा दिवसांनी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं, नळी आकाशी निळ्यावरून जांभळी होते. हा टप्पा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण अमोनिया उतरल्याच्या आनंदात लोक नवे मासे आणतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं, भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो. थोडं साधं मीठ इथे खरंच उपयोगी पडतं: त्यातला क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवतो.

आणि इथे पुन्हा सिंगापूरचा नळ आडवा येतो. अमोनिया जास्त म्हणून पाणी बदललं, तासाने तपासलं, तर नळी अजून हिरवीच! नव्या पाण्यासोबत क्लोरामिनमधला अमोनिया आत आलेला असतो. म्हणून वॉटर कंडिशनरच्या बाटलीवर क्लोरामिन आणि अमोनिया या दोन्हींचा उल्लेख आहे का, हे वाचून घ्यावं. असा कंडिशनर अमोनियाला काही काळ बांधून ठेवतो आणि जिवाणू तो तरीही खाऊ शकतात. किटवर मात्र बांधलेला अमोनियाही दिसतो, तेव्हा त्या रंगाने घाबरून दिवसात तीनदा पाणी बदलू नये. नळाच्या पाण्याची एकदा स्वतंत्र तपासणी करून आकडा भिंतीवर लिहून ठेवला की निम्मी चिंता मिटते.

इथल्या पाण्याचा पीएच साधारण ८च्या आसपास आणि वर्षभर खोलीतलं पाणी २८-३० अंशांवर. उष्णता जिवाणूंना मानवते, हीटर लागत नाही, सायकल युरोपातल्यापेक्षा लवकर होते. पण त्याच तापमानाला पीएच ७ असेल तर अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, पीएच ८ ला सुमारे सात भाग असतात. म्हणून मी पीएच वाढवणारे शंख-शिंपले, कोरलचे खडे पहिल्या महिन्यात घालायला नको म्हणतो. उलट नायट्रिफिकेशनमध्ये आम्ल तयार होतं आणि पाण्याची आम्लता सावरणारे क्षार खर्ची पडतात. इथलं पाणी मृदू असल्याने दोन-तीन महिन्यांनी पीएच एकदम घसरून ६च्या खाली गेला तर जिवाणूंचं काम मंदावतं. त्या वेळी तेच कोरलचे चार खडे फिल्टरमध्ये टाकायला हरकत नाही. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो, लिटरला जेमतेम पावणेआठ मिलिग्रॅम, म्हणून हवेचा दगड चालूच हवा.

जाता जाता एक जुनं नाव. फोर्ट कॅनिंगच्या पायथ्याशी १९५५ मध्ये व्हॅन क्लीफ ॲक्वेरियम उघडलं, सिंगापुरात राहून गेलेल्या एका डच गृहस्थाने शहराला दिलेल्या संपत्तीतून. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१चं, तेही एका पारशी दात्याच्या नावाचं. दोन्ही बंदरांची शहरं, दोन्हींना मासे भेट मिळालेले. व्हॅन क्लीफची इमारत १९९८ मध्ये पाडली गेली. तिथे लहानपणी नाक काचेला लावून उभे राहिलेले आजोबा आज मला दुकानांत भेटतात आणि त्यांच्याकडूनच मी सर्वांत जास्त शिकलो.

नायट्राइट सलग आठवडाभर शून्यावर राहिलं आणि नायट्रेट दिसू लागलं की नवे मासे आणावेत, एका वेळी दोन-तीन, मध्ये आठवड्याचं अंतर ठेवून. डिसेंबरच्या सुट्टीत घरी भारतात जाताना बरेच जण मेन स्विच बंद करून निघतात. फिल्टरचा तेवढा प्लग चालू ठेवा. बंद कॅनिस्टर फिल्टरमध्ये प्राणवायू काही तासांतच संपतो आणि जिवाणू मरू लागतात. मासे तुमच्याशिवाय आठवडाभर उपाशी राहू शकतात, त्या फिल्टरशिवाय नाही.