डिपस्टिक कुठे गेली?

ऑटोमॅटिक गाडी आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात आली ती गेल्या दहा-बारा वर्षांत. जगात ती पंच्याऐंशी वर्षांच्या पुढे गेली आहे. मधल्या काळात तिच्या गिअरबॉक्समधल्या तेलाबाबत काय काय घडलं, हे आपण पाहिलंच नाही. म्हणूनच 'ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायचं का?' या साध्या प्रश्नाला आज तीन उत्तरं मिळतात. नाक्यावरचा मिस्त्री म्हणतो, चाळीस हजाराला बदला. सर्व्हिस सेंटरचा सल्लागार म्हणतो, सर, लाइफटाइम आहे. आणि सोसायटीतले काका म्हणतात, अजिबात हात लावू नका, माझ्या साडूची गाडी त्यानेच बसली. तिघंही खोटं बोलत नाहीत. फक्त तिघंही वेगवेगळ्या दशकांत राहतात.

मिस्त्रीचं दशक सगळ्यांत जुनं. १९३९ च्या अखेरीस जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स दिला. अर्ल थॉम्प्सन यांच्या तुकडीने तो बनवला होता. क्लचचं पेडलच गेलं. पाठोपाठ युद्ध आलं आणि तोच गिअरबॉक्स एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात जाऊन बसला: कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि प्रत्येकाच्या मागे एक हायड्रामॅटिक. लोकांच्या मनातली 'हे नाजूक प्रकरण आहे' ही शंका फिटायला याहून मोठी जाहिरात लागली नसती.

या डब्यातलं तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाचा जोर तेच पुढे पोचवतं, दाबाखाली क्लचच्या चकत्या तेच आवळतं, आणि उष्णताही तेच बाहेर काढतं. गंमत अशी की या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात आणि तरी त्यांनी एकमेकींना पकडायचं असतं. म्हणजे दातऱ्यांना तेल निसरडं हवं आणि चकत्यांना फार निसरडं नको. पकड एकदम बसली तर झटका, हळू बसली तर चकत्या घसरून जळणार. पुढच्या सगळ्या भानगडी या एका अडचणीतून निघाल्या.

१९४९ साली जनरल मोटर्सने 'टाइप ए' हे पहिलं प्रमाण ठरवलं. शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनने तपासून पास केलेल्या तेलाच्या डब्यावर तसा क्रमांक छापलेला असे. तेल बदलायचं साधारण २५,००० मैलांना, म्हणजे चाळीस हजार किलोमीटरला. मिस्त्रीचा आकडा इथला. त्या काळच्या बऱ्याच गिअरबॉक्सना खालच्या पॅनला तर नट असेच, पण इंजिनाचा जोर तेलातून पुढे पोचवणाऱ्या आतल्या कपलिंगलाही वेगळा नट असे. दोन्ही सोडले की जवळजवळ सगळं तेल बाहेर. बॉनेट उघडलं की इंजिनाची एक आणि गिअरबॉक्सची एक अशा दोन डिपस्टिक दिसत. गिअरबॉक्सचं तेल लाल, कारण गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे कळावं. या लाल रंगाचा तेलाच्या गुणाशी काही संबंध नाही.

चकत्यांची पकड मऊ बसावी म्हणून तेलात जे घालत, ते स्पर्म व्हेलच्या डोक्यातून आणि चरबीतून निघालेलं तेल होतं. रासायनिकदृष्ट्या ते चरबीपेक्षा मेणाच्या जवळचं. तापलं तरी लवकर बिघडत नाही आणि धातूला चिकटून राहतं. १९५७ ची सुधारित टाइप ए आणि तिच्या जागी जनरल मोटर्सने १९६७ मध्ये आणलेलं पहिलं डेक्सरॉन, दोन्हींत ते होतं. अमेरिकेच्या उपनगरांतून आवाज न करता गिअर बदलत जाणाऱ्या त्या लांबलचक गाड्या देवमाशावर चालत होत्या, हे त्यांच्या मालकांना बहुधा माहीतही नसेल. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि आयात थांबली. आता पर्याय शोधणं आलं. होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल त्याला सर्वांत जवळचं निघालं, पण बहुतेक काम शेवटी कारखान्यात बनवलेल्या रसायनांनीच केलं. पहिला घास जरा कडूच लागला. डेक्सरॉन-२ ची सुरुवातीची आवृत्ती तेल थंड करणाऱ्या कूलरची झाळ खायला लागली. हा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो, त्यामुळे झाळ सुटली की तेल पाण्यात आणि पाणी तेलात. सुधारून 'डी' आवृत्ती काढावी लागली.

याच सुमारास फोर्डने उलटा रस्ता धरला. त्यांच्या 'टाइप एफ'मध्ये पकड मऊ करणारं द्रव्य नव्हतंच, त्यांच्या चकत्यांना कडक पकड हवी होती. म्हणजे दोन लाल तेलं, दिसायला सारखी, आणि एकाच्या जागी दुसरं ओतलं तर गिअरबॉक्स नाराज. मग प्रत्येक कंपनीने आपापलं तेल काढलं. आज टोयोटाचं वेगळं, होंडाचं वेगळं, ह्युंदाईचं वेगळं. 'सगळ्याला चालतं' असं लिहिलेला डबा दुकानात मिळतो. मी तो घेत नाही.

डिपस्टिक गेली ती १९९० च्या दशकात. मर्सिडीजच्या १९९६ च्या पाच गिअरच्या बॉक्सला तेल ओतायची नळी होती, पण नळीत दांडीच नव्हती. वर प्लॅस्टिकचं टोपण आणि त्याला एक पिन. टोपण काढायचं तर पिन तोडावी लागे, आणि दांडी हे वर्कशॉपचं वेगळं हत्यार झालं. पुढे नळीही गेली. बीएमडब्ल्यूने आपल्या गाड्यांत बसणाऱ्या झेडएफच्या बॉक्सचं तेल आयुष्यभराचं म्हणून सांगितलं. तेलं सुधारली होती हे खरंच आहे. पण गाडीच्या देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसला की विक्रीला बरं, आणि वॉरंटी तर तीन-चार वर्षांचीच, हाही हिशोब त्यात होताच. मजा म्हणजे बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. त्यासाठी फिल्टरसकट पॅन आणि तेलाचा संचही विकते. मर्सिडीजनेही काही वर्षांत त्या बॉक्सचं तेल बदलायला सांगितलं. सल्लागार मात्र अजून १९९६ मध्येच उभा आहे.

आता आपल्याकडे बघू. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जुळवत होती, १९५४ ला गाशा गुंडाळून गेली. त्यानंतर जवळजवळ तीन दशकं मुख्यतः अॅम्बॅसडर आणि फियाट, म्हणजे स्टिअरिंगजवळची दांडी हाताने ओढायची. आपले मिस्त्री त्या गिअरबॉक्सचे पंडित झाले. १९९५ ला पिंपरीत मर्सिडीज बनू लागली, दशकाच्या उत्तरार्धात झेन ऑटोमॅटिक आली, पण 'अॅव्हरेज देत नाही' आणि 'चढावर पिकअप नाही' या दोन वाक्यांनी तिला बाजूला बसवलं. लाट आली २०१४ च्या सेलेरिओपासून. तोवर बाकी जगात डिपस्टिक गायब होत आली होती. दर रविवारी दांडी काढून फडक्याला पुसायची, रंग बघायचा, नाकाला लावून जळका वास येतो का पाहायचं, ही सवय आपल्याला लागायची संधीच मिळाली नाही.

त्यात सेलेरिओची एएमटी मुळात ऑटोमॅटिकच्या या घराण्यातली नव्हे. आत साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच, साधंच गिअर ऑइल. पाय आणि हात यांच्या जागी दाबावर चालणारी यंत्रणा, तिचं थोडंसं वेगळं तेल. एएमटीवाले मालक 'लाल ऑइल बदला' म्हणून हटून बसतात आणि मिस्त्री कधीकधी बदलूनही देतो! सीव्हीटी या आणखी एका प्रकाराचं तेल तिसरंच, कारण तिथे पट्टा आणि पुलीची पकड तेलातून टिकवायची असते. दोन क्लचच्या बॉक्सचा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. गरम आणि दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे विजेची यंत्रणा बिघडत होती, म्हणून ते काढून साधं खनिज तेल भरलं. महाग तेल नेहमी बरं असतं, असं मानणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवतो.

प्रत्यक्ष बदल आज कसा होतो? गाडी रॅम्पवर, सपाट. आधी तेल भरायचा नट सोडून बघायचा, मगच तेल काढायचा खालचा नट सोडायचा. उलटं केलं आणि वरचा नट गंजून अडकला, तर तेल नसलेली गाडी रॅम्पवरच राहते. पॅन उतरवला की तळाशी चुंबक दिसतात, त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप. ती चकत्यांची आणि दातऱ्यांची नेहमीची झीज, त्यात घाबरण्यासारखं नाही. बोटाला टोचणारे कपचे लागले तर मात्र बोलायला हवं. नवं तेल भरून गाडी चालू ठेवायची, लिव्हर प्रत्येक जागी फिरवायचं, आणि तेल ठरलेल्या तापमानाला आलं की (बऱ्याच बॉक्सना चाळीस अंशांच्या आसपास) पातळीचा नट उघडायचा. बारीक धार लागून थेंबांवर आली की पातळी बरोबर. हे तापमान स्कॅनरवर बघावं लागतं. हात लावून अंदाज घेणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

पण यात सगळं तेल निघत नाही. जुन्या कपलिंगच्या जागी आलेल्या कन्व्हर्टरचा नट केव्हाच गेला, त्यामुळे नऊ लिटरच्या बॉक्समधून चारच बाहेर येतात. एका बदलात जुनं छप्पन्न टक्के उरतं, दुसऱ्यात एकतीस, तिसऱ्यात सतरा. काही हजार किलोमीटरच्या अंतराने दोनदा बदलणं मला मशीनने दाबून धुण्यापेक्षा बरं वाटतं.

काकांचा साडू यातच सापडला. दीड-दोन लाख किलोमीटर तेल बदललेलं नाही, बॉक्स आधीच घसरायला लागलेला, मालक त्या लक्षणावर उपाय म्हणून तेल बदलायला आणतो, मशीन लावतात, साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकतो. महिन्याभरात बॉक्स बसतो आणि दोष तेलाला. तो बॉक्स जाणारच होता. मशीनने फक्त तारीख अलीकडे आणली.

मालकाच्या पुस्तिकेत मागे एक पान असतं, 'कठीण परिस्थिती'चं. धूळ, उष्ण हवा, सतत थांबत-निघत चालणं, डोंगराळ रस्ते असतील तर तेल लवकर बदला, असं त्यात बहुतेक वेळा सापडतं. सायन ते ठाणे रोज जाणारी आणि सुट्टीला बोरघाट चढणारी गाडी या यादीतलं काय चुकवते? पुढचा 'लाइफटाइम' रकाना युरोपातल्या मोकळ्या रस्त्यासाठी छापलेला आहे.

आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांत गिअर बदलायचे नसतात, पण मोटरचा वेग चाकाला झेपेल इतका कमी करणाऱ्या दातऱ्या असतातच आणि त्या तेलातच फिरतात. टेस्लाने मॉडेल ३ च्या त्या डब्यात भरलेलं तेल चक्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच होतं, सोबत छोटा फिल्टर. तेही गाडीच्या आयुष्याला पुरेल असं सांगतात, आणि डिपस्टिक तिथेही नाही.