चिनी भाषा आणि गाण्यांचा उपयोग

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, १९४२ साली तेथेच वारले. एवढ्या अवधीत ते चिनी बोलू लागले होते. मग चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याला ती का जमू नये? ग्वांगझूचा निर्यात मेळा १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतो. तेथे भाषा येत नसेल तर सौदा दुभाष्याच्या हाती राहतो.

उर्दू शाळेत शिकलेले आम्ही मराठी बरीचशी गाणी ऐकूनच शिकलो. चिनीतही गाणे कामी येते, पण बेताने. चिनीत शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. मुख्य सूर चार : सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि झटक्यात उतरणारा. 'माय' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणे, चौथ्या सुरात म्हणजे विकणे! सूर चुकला की सौदाच उलटा. गाण्याची चाल हे सूर बहुधा झाकून टाकते. म्हणून गाण्यातून शब्द घ्यावेत, सूर घेऊ नयेत.

रीत अशी : तेरेसा तेंग यांच्यासारख्या गायिकेचे संथ गाणे निवडावे. शब्द देवनागरीत लिहून प्रत्येकावर सुराचा आकडा घालावा. ओळ आधी नुसती बोलावी, जाणकाराकडून तपासून घ्यावी, मगच गावी. संख्या, भाव, वजन-माप मात्र वेगळे पाठ करावे. गाण्यात ते क्वचितच सापडते.

व्यापारी बांधवांनो, ज्याच्याशी देणे-घेणे, त्याची भाषा थोडी तरी आपल्या जिभेवर हवी.