दोरा, ग्लोब आणि आईचं विमान

डिसेंबर २०२४मधली एक शनिवार सकाळ. बाबांचा चहा कपातच गार झालेला. नजर माझ्या लॅपटॉपवर. स्क्रीनवर एक इवलंसं पिवळं विमान, आणि त्यात आमची आई. वय वर्षं ६२, पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीनं. ताईच्या डिलिव्हरीसाठी थेट मुंबई-न्यूयॉर्क!

"अरे, हे वर कुठं चाललंय? अमेरिका तर डावीकडे आहे ना? पायलट रस्ता चुकला की काय?"

मला हसू येत होतं, पण बाबांचा चेहरा बघून दाबलं. कपाटावरचा शाळेतला ग्लोब काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. बघता बघता तो वर सरकला: सिंध, रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी. गोल पृथ्वीवर जवळचा रस्ता हाच. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात पट्टीनं सरळ रेघ मारून गेलात, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. दोऱ्यानं गेलात तर साधारण १२,५००. म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही जास्त अंतर वाचलं!

तुम्हीही करून बघा. ग्लोबचा घेर मोजा, दोरा मोजा. माझा घेर ८० सेंटिमीटर, दोरा २५. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरा आणि त्रैराशिक मांडा. झालं!

एक्सेलप्रेमींसाठी 'हॅवरसाइन' नावाचं सूत्र आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घाला, उत्तर हजर. पण अंशांचे रेडियन करायला विसरू नका. आणि पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्या! मी ते विसरलो, तर न्यूयॉर्क जेमतेम २,४०० किलोमीटरवर आलं. ते न्यूयॉर्क नव्हतंच, किर्गिझस्तानातले डोंगर होते. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

अर्थात, विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. वारा, वादळं, बंद आकाश, सगळं बघून रस्ता ठरतो. म्हणून प्रत्यक्षातलं अंतर थोडं वाढतंच.

ते कळलं मे २०२५मध्ये, आई परत येताना. एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं होतं. म्हणजे सिंधवरून यायचं नाही, अरबी समुद्रावरून वळसा. या वेळी ग्लोब बाबांनीच काढला. दोरा बोटानं दाबून समुद्राकडे वळवला, मोजपट्टी लावली.

"थोडंच वाढलंय रे," म्हणाले आणि गाडीची किल्ली उचलली.

विमान उतरायला अजून आठ तास होते.