मिसरी, विडी आणि पोटातलं बाळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गरोदरपणातल्या धूम्रपानाचा विषय निघाला की जळगाव-धुळ्यात सहज उत्तर मिळतं, ‘आमच्याकडच्या बाया कुठं सिगारेट ओढतात?’ ते खरंही आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणाऱ्या प्रौढ स्त्रिया अवघ्या १.४ टक्के होत्या. पण धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया होत्या १६.६ टक्के, म्हणजे सहा जणींमागे एक. मिसरी, चुना लावून मळलेली तंबाखू, तपकीर ही तिची रूपं. ‘सिगारेट ओढता का?’ असं विचारलं तर ती बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून इथे मिसरीपासून सुरुवात करू.

गैरसमज : मिसरी हे दात घासायचं मंजन आहे, तंबाखू नव्हे.

वस्तुस्थिती : तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून पूड करायची, हीच मिसरी. भाजल्याने तिच्यातलं निकोटिन संपत नाही. हिरड्यांच्या पातळ त्वचेतून ते थेट रक्तात उतरतं. म्हणूनच सकाळी एकदा लावलेली मिसरी हळूहळू दुपारी, मग रात्रीही लागते. दातांना काही झालं नसतानाही बोट डबीकडे वळतं, ते व्यसनामुळे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे.

गैरसमज : मी थुंकून टाकते, पोटात जात नाही. बाळाला काय होणार?

वस्तुस्थिती : निकोटिन रक्तात जातं आणि वार ते अडवू शकत नाही. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाकडे जाणारं रक्त आणि प्राणवायू कमी पडतो. याचा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मिसरीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. दोन वर्षांनी याच संशोधकांनी दाखवलं की अशा स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीच पटींहून अधिक होता. रक्तक्षयाचं प्रमाणही त्यांच्यात जास्त आढळलं.

गैरसमज : बाळ बारीक राहिलं तर बाळंतपण सोपं जातं.

वस्तुस्थिती : जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अंगची ऊब टिकवणं, दूध ओढणं आणि जंतुसंसर्गाशी झगडणं जड जातं. त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकतं. बाळंतपण सुखरूप व्हावं यासाठी बाळ बारीक असावं लागत नाही. त्यासाठी वेळेवर तपासणी लागते आणि दवाखान्यातली प्रसूती लागते.

गैरसमज : मिसरीने मळमळ थांबते, पोट साफ होतं. डोहाळा आहे, पुरवावा.

वस्तुस्थिती : निकोटिनने आतड्याला चालना मिळते, त्यामुळे पोट साफ होतं हा बायकांचा अनुभव खोटा नाही. त्यातच गरोदरपणी बद्धकोष्ठ वाढतं आणि लोहाच्या गोळ्यांनी आणखी. मग काही जणी गोळी सोडतात आणि मिसरी धरतात, म्हणजे नुकसान दुहेरी. भरपूर पाणी, ताक, पालेभाज्या, फळं आणि थोडं चालणं यांनी फरक पडतो. तरी त्रास राहिला तर दवाखान्यात सांगा, गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. आणि दिवस जाण्याआधीपासून जिची सवय होती ती तलफ, डोहाळा नव्हे.

गैरसमज : एकदम सोडली तर बाळाला धक्का बसतो.

वस्तुस्थिती : बाळाला धोका आहे तो तंबाखूचा. सोडल्याने आईला त्रास होतो, हे मात्र खरं : चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफेचा एकेक झटका काही मिनिटांचाच असतो. तेवढा वेळ निभावून न्यायचा : चूळ भरा, बडीशेप चघळा, कुणाशी बोला. सकाळी मिसरीऐवजी टूथपेस्ट किंवा कडुनिंबाची काडी घ्या, डबी घराबाहेर जाऊ द्या. मात्र मिसरीच्या जागी सुपारी नको, तीही कर्करोगाला कारण होते आणि बाळालाही बाधते. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गैरसमज : सहावा महिना लागला, आता सोडून काय उपयोग?

वस्तुस्थिती : लवकर सोडलेलं सर्वांत चांगलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासात १५ आठवड्यांच्या आत सिगारेट सोडणाऱ्या स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वाढीचं बाळ यांचं प्रमाण, न ओढणाऱ्या स्त्रियांइतकंच आढळलं. पण त्यानंतर दार बंद होत नाही. बाळाचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. सातव्या महिन्यात सोडली तरी त्या वाढीला मदतच होते.

गैरसमज : नवरा ओसरीवर विडी ओढतो, तिचा बाळाशी काय संबंध?

वस्तुस्थिती : धूर ओसरीवर थांबत नाही, दारा-खिडक्यांतून घरात येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. दुसऱ्याच्या धुराने बाळाचं वजन घटतं आणि जन्मानंतर अचानक बालमृत्यूचा धोकाही वाढतो. शिवाय ज्या घरात नवरा तंबाखू मळतो आणि सासूबाई मिसरी भाजतात, तिथे एकट्या सुनेने सोडावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. निदान नऊ महिने घरात तव्यावर तंबाखू भाजली जाणार नाही, एवढं तरी घराने ठरवावं.

गैरसमज : बाळंत झाल्यावर पुन्हा लावली तर चालतं.

वस्तुस्थिती : निकोटिन अंगावरच्या दुधात उतरतं. सुटलेली सवय पुन्हा जडते ती बहुधा बाळंतपणानंतरच, जागरणाच्या आणि थकव्याच्या दिवसांत. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून माहेरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. चुकून पुन्हा लावली गेली तर बाळाचं दूध तोडू नका, आईचं दूध तरीही बाळाला हवंच. तोडायची ती तंबाखू.

मदत कुठे मिळेल? १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा विनाशुल्क क्रमांक तंबाखूच्या पुड्यांवरच छापलेला असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथेही बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे की प्रत्येक तपासणीत गरोदर स्त्रीला तंबाखूविषयी विचारावं, आता वापरते का आणि आधी वापरत होती का हेही, आणि घरातल्या धुराविषयीही. आपल्या आशाताईंना, सिस्टरना, डॉक्टरांना एवढीच विनंती : सिगारेटबरोबर मिसरीचं, मळलेल्या तंबाखूचं आणि तपकिरीचंही नाव घेऊन विचारा, आणि विचारताना रागावू नका. रागाच्या भीतीने खरं उत्तर लपतं.

आणि ताई, तुम्हाला : मिसरी लावता हा गुन्हा नाही, लपवू नका. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा कुणी विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा. आज कितवाही महिना असो, सोडायला आजचा दिवस योग्य आहे.