आधी खांबावरचा दिवा

चौकातला हायमास्ट बंद होत नाही. शाळेच्या पटांगणात दोन दुर्बिणी मांडून झाल्या आहेत, ताडपत्री अंथरून झाली आहे, पोरांची रांगेत ढकलाढकली सुरू आहे, आणि खांबावरचा पांढरा उजेड अख्ख्या मैदानावर सांडतो आहे. सरपंच फोनवर आहेत. कुणीतरी पेटीची किल्ली आणायला मोटरसायकलवर गेलं आहे. तोवर गुरुजी माइकवरून तिसऱ्यांदा सांगतात, ''मोबाइलची बॅटरी कुणीही लावू नका.'' ते सांगत असताना चार बॅटऱ्या लागतात.

शनिवार, 1 मार्च 2025. पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. धुऱ्यावर पळस फुलला आहे, वावरात वाळलेली पऱ्हाटी उभी आहे. काल राष्ट्रीय विज्ञान दिन होता. रामन परिणामाचा शोध 28 फेब्रुवारी 1928 चा, त्याची आठवण म्हणून 1987 पासून हा दिवस पाळतात. शाळेत निबंध आणि रांगोळी कालच उरकली. आकाशदर्शन मुद्दाम आज ठेवलं, कारण परवाच अमावास्या झाली. काल चंद्र सूर्याच्या इतक्या जवळ होता की दिसलाच नसता. आज बीज आहे.

दुर्बिणी यवतमाळहून मोटारीच्या डिकीतून आल्या आहेत. एक चार इंची भिंगाची, तिपाईवरची. दुसरी आठ इंची आरशाची, माणसाच्या छातीइतकी उंच. ती लाकडी बैठकीवर हातानं फिरते. मोटर नाही, संगणक नाही. इथं घुमटही नाही. सोबत आलेले हौशी निरीक्षक नोकरदार आहेत. शनिवार-रविवारी पदरचं पेट्रोल जाळून गावोगाव फिरतात. पोरं त्यांना सरसकट ''सर'' म्हणतात, त्यातल्या एका ताईलाही.

साडेसहा वाजून जातात. सूर्य गेला, पश्चिमेला तांबूसपणा उरला. मशिदीकडून तिघंचौघं येतात. त्यांना दुर्बीण नको आहे, चांद साध्या डोळ्यांनी हवा आहे. उद्या पहिला रोजा की परवा, हे त्यावर ठरायचं. ''चाचा, त्या बाभळीच्या शेंड्याच्या वर बघा,'' ताई सांगते. म्हातारे चाचा कपाळावर हात धरून बघत राहतात. त्यांच्याआधी एका पोरीला दिसतो. ''तो काय! तो काय!'' मग सगळ्यांनाच दिसतो, आणि इतका वेळ कसा दिसत नव्हता याचं नवल वाटतं. चाचांच्या खिशातला फोन लगेच वाजू लागतो.

त्याच वेळी हायमास्ट विझतो. मैदानातून एकच ओरड उठते, आणि ती ओसरेपर्यंत पश्चिमेला दुसरा दिवा लागलेला असतो. चंद्रकोरीच्या वर, किंचित उजवीकडे, शुक्र.

आठ इंची दुर्बीण शुक्रावर लागते. पाचवीतला पहिला मुलगा डोळा लावतो आणि मागं वळून रागानं बघतो.

''सर, तुम्ही तं चंद्रच दाखून राह्यले.''

''चंद्र तो खाली आहे. हा शुक्र.''

''मग कोर काहून दिसते?''

आजच्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तो पहिल्याच मिनिटाला येतो. नुसत्या डोळ्यांना शुक्र म्हणजे झगझगीत ठिपका. दुर्बिणीत मात्र ती बारीक, धारदार कोर आहे, खालच्या चंद्राची धाकटी बहीण शोभावी अशी. तो सध्या आपल्यापासून पाचेक कोटी किलोमीटरवर आला आहे, आणि येत्या तीन-चार आठवड्यांत पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाईल. त्याची उजेडाची बाजू सूर्याकडे आणि अंधाराची बहुतेक आपल्याकडे, म्हणून कोर. 1610 मध्ये गॅलिलिओनं शुक्राच्या या कला पाहायला सुरुवात केली आणि शुक्र सूर्याभोवती फिरतो याचा पुरावा त्याच्या हाती आला. ताई हे सगळं सांगत बसत नाही. ती एक चेंडू आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी घेते, एका पोराला सूर्य करते, एकाला पृथ्वी, आणि चेंडू मधून फिरवते. पृथ्वी झालेला पोरगा ओरडतो, ''कोर झाली!'' वर्गात फळ्यावर हे काढायला तास लागतो आणि तरी समजत नाही.

रांग पुढं सरकत नाही, कारण शुक्र सरकतो. प्रत्येक दोन-तीन पोरांमागं तो भिंगातून निसटतो. ''पळाला, सर!'' पळत ती पृथ्वी आहे, चार मिनिटांत एक अंश. दुर्बिणीशी उभे असलेले सर बोटानं नळी जराशी ढकलतात आणि पुन्हा, ''हं, पुढचा.''

शनीची मागणी सगळ्यांची आहे. पुस्तकात कडं असतं ना! तो आज नाही. सूर्याच्या फार जवळ आहे, दिसत नाही. शिवाय या महिन्यात त्याची कडी पृथ्वीवरून बरोबर धारेवर दिसणार, म्हणजे जवळजवळ दिसणारच नाहीत. साधारण पंधरा वर्षांनी हे एकदा घडतं. पोरं हिरमुसतात. मलाही जरा वाईट वाटतं, कारण माणसाला दुर्बिणीचं वेड लावायचं तर शनीसारखा ग्रह नाही.

त्याची भरपाई गुरू करतो. तो रोहिणीच्या जवळ आहे आणि अगदी डोक्यावर. यवतमाळ जिल्हा साधारण 20 अंश अक्षांशावर, गुरू आज खगोलीय विषुववृत्ताच्या 22 अंश उत्तरेला, त्यामुळं दुर्बिणीची नळी सरळ उभी करावी लागते. बुटक्या पोरांसाठी वर्गातलं बाक येतं. पट्ट्यांचा वाटोळा ग्रह आणि त्याच्या दोन्ही अंगांना एका ओळीत ठिपके, हे त्याचे चंद्र. त्यांच्या आकड्यावरून भांडण लागतं. हा प्रकाश गुरूवरून निघाला तेव्हा सूर्य मावळलाही नव्हता. तिथून इथं यायला त्याला सुमारे 42 मिनिटं लागतात.

बायांची रांग उशिरा लागते, स्वैपाकपाणी आटोपल्यावर. एक मावशी मंगळच दाखवा म्हणून अडून बसतात. मंगळ पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ आहे, तांबूस. जानेवारीत होता तसा मोठा आता राहिलेला नाही. दुर्बिणीतही तो इवलासा नारिंगी गोळा. मावशी बराच वेळ डोळा लावून राहतात. मग बाजूला होतात आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणतात, ''एवढुसा? आन् याच्यापायी पोरीची सोयरीक मोडली?'' हसू उठतं. त्या हसत नाहीत. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहतात.

साडेआठपर्यंत चंद्र आणि शुक्र दोघंही खाली गेलेले असतात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, ती आता पुरी झाली आहेत. मृग, त्याच्या पायाशी व्याध, आणि दक्षिणेला क्षितिजाच्या थोडं वर अगस्त्य. लंडनच्या माणसाला अगस्त्य जन्मात घरून दिसत नाही. आपल्याकडे तो या दिवसांत रोज असतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून टीव्ही बघतो. मृगाच्या तलवारीतला धुरकट पुंजका आठ इंची दुर्बिणीत पंखासारखा पसरतो. ध्रुव उत्तरेला. हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली की दुसऱ्या मुठीशी ध्रुव सापडतो, कारण ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. पन्नास पोरं अंधारात मुठी रचतात.

ईशान्येला सप्तर्षी उभे राहू लागतात. हिरवा लेझर त्यांच्यावरून फिरतो. ''हे चार ऋषी, आणि हे मागचे तीन...''

''ते बाज आहे,'' मागून आवाज येतो. कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेले एक आजोबा ताडपत्रीच्या कडेला उकिडवे बसलेले आहेत. ''म्हातारीची बाज. ते मागचे तीन चोर. बाज चोरून नेऊन राह्यले.''

लेझर थांबतो. सर लेझर आजोबांच्या हातात देतात. आजोबा तो नको म्हणतात आणि बोटानंच दाखवतात. रात्रीची लाइन असली की ओलिताला जागावं लागतं, हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून जागल करावी लागते. मग वर बघण्यावाचून दुसरं काय, असं त्यांचं म्हणणं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांकडून अशा गोष्टी गोळा करून 2013 मध्ये शोधनिबंध लिहिला, आणि पुढच्या वर्षी सहकाऱ्यांसह बंजारा आणि कोलामांवर दुसरा. माणसाचा धंदा जसा, तसं त्याचं आकाश, असा त्यांचा निष्कर्ष. शाळेच्या पुस्तकात ही बाज अजून आलेली नाही. यायला हवी, असं माझं मत.

आकाशातून काय काय पडतं, हा विषय आपोआप निघतो. 2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या रात्री, जळत जाणारी रांग साऱ्या विदर्भानं पाहिली होती. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि गोळे सापडले. चिनी अग्निबाणाचे अवशेष म्हणून ते ओळखले गेले. इथल्या प्रत्येकानं ते पाहिलं आहे आणि प्रत्येकाला ते आपल्याच वावरावरून गेल्याचं आठवतं.

पूर्वेला, वणीच्या अंगाला, क्षितिजाशी पिवळट उजेड आहे. पांढरकवड्याच्या महामार्गाचा वेगळा. त्यांच्या मध्ये हा काळा तुकडा अजून शिल्लक आहे. पण अंधाराचं कौतुक इथं जपून करावं लागतं. टिपेश्वरला वाघ आहेत, आणि ते सीमेच्या आत थांबत नाहीत. साडेनऊला आया पोरांना घेऊन घोळक्यानं निघतात तेव्हा सरपंचांना हायमास्ट लावावाच लागतो, आणि तो लागावाच. प्रश्न दिव्याचा नाही, दिव्याच्या तोंडाचा आहे. हा खांब निम्मा उजेड आभाळाला देतो, जिथं कुणी चालत नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पानं हे करून दाखवलं आहे. भोवतालच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले, आणि जानेवारी 2024 मध्ये ते देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं. वाघ तिथंही आहेत. टिपेश्वरच्या काठावरच्या गावांना हे जमणार नाही असं काही नाही. दुर्बीण, घुमट, इमारत नंतर बघू. आधी ग्रामपंचायतीच्या ठरावात दिव्यांना टोप्या घाला.

आकाशाची पुढची मोठी रात्र त्याच वर्षी होती. 7 सप्टेंबर 2025, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. रात्री दहाच्या सुमाराला चंद्राला ग्रहण लागलं, अकरापासून मध्यरात्रीनंतर वीस-बावीस मिनिटांपर्यंत तो पूर्ण ग्रासलेला, तांबडा होता, आणि भारतातून सगळं ग्रहण दिसण्यासारखं होतं. पावसाचे दिवस होते, ढग असले तर नाइलाज. पुढच्या ग्रहणाला मात्र आपल्या चौकातल्या खांबाची किल्ली कुणाकडे असते, ते आधी शोधून ठेवा.