रविवारचे ब्रंच आणि सोमवारचे अम्लपित्त

रुग्णास आहाराविषयी प्रश्न विचारणे हे आपणा वैद्यांचे नित्यकर्म आहे. मात्र आपण विचारतो तेच पदार्थ रुग्ण आज खातो का, हा प्रश्न आम्हांस एका रुग्णेने विचारावयास लावला.

सदर रुग्णा लालबागची राहणारी, वय ३२, लोअर परळ येथे नोकरीस. अम्लपित्ताची चिकित्सा तीन महिने चालू होती. अविपत्तिकर चूर्ण व सूतशेखर यांनी उपशय मिळे. पण सोमवारी छातीतील जळजळ व आंबट ढेकर हटकून परत येत. आम्ही पथ्य मोडल्याचा दोष दिला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, दर रविवारी आम्ही मैत्रिणी ब्रंचला जातो. तिथल्या एकाही पदार्थाचे नाव तुमच्या पथ्याच्या कागदावर नाही. मग मी मोडले तरी काय?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या कागदावर वडा, भजी, लोणचे, पापड एवढेच होते. पुढच्याच रविवारी आम्ही सपत्नीक लोअर परळ गाठले.

ज्या गिरणगावात जेवणाची वेळ भोंगा ठरवी आणि पाळी सुटताच खानावळींत पंगती बसत, तेथे १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली. त्यांपैकी काहींच्या आवारांत आता उपाहारगृहे आहेत. 'ब्रंच' हा शब्द इंग्लंडमध्ये १८९५ साली गाय बेरिंजर यांच्या लेखातून छापला गेला. रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी न्याहारी व जेवण एकत्र करावे, ही मूळ कल्पना.

आम्ही चार पदार्थ मागविले. पहिला, ताडदेवच्या विलिंग्डन क्लबातून प्रसिद्धीस आलेला 'एग्ज केजरीवाल': भाजलेला पाव, चीज, हिरवी मिरची व वर अंडे. दुसरा, नाचणीचे पॅनकेक, तव्यावरून उतरताच मध ओतलेले. तिसरा, 'स्मूदी बोल': केळे, स्ट्रॉबेरी व दूध घोटून केलेला थंडगार लगदा, वर भाजलेले ओट्स. चौथे, कोम्बुचा, म्हणजे आंबविलेला चहा. कांजीच्या जातकुळीतले फसफसणारे पेय. चव उत्तम होती, हे प्रांजळपणे नमूद करतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही अष्ट आहारविधिविशेषायतने लावून पाहता चित्र स्पष्ट झाले. नाचणी प्रकृतीने दोषी नाही. उष्ण पदार्थावर मध ओतणे हा संस्काराचा दोष. केळे व दूध हा संयोगाचा दोष. चरकाचार्यांनी दुधाशी वर्ज्य सांगितलेल्या फळांत मोच आहेच. येथे नाक मुरडण्यापूर्वी आपल्या घरातील शिकरण आठवावे! मिरची, आंबविलेला पाव व कोम्बुचा एकाच पानात येणे हे अम्लपित्ताच्या उपयोक्त्यास प्रतिकूल. राशीविषयी स्वानुभव सांगतो: चार पदार्थ दोघांत संपविल्यावर सायंकाळपर्यंत जडपणा राहिला व रात्री सुंठीच्या कोमट पाण्यावर भागवावे लागले.

आश्चर्य वाटले ते कालाचे. ब्रंचची वेळ दुपारी साडेबाराची, म्हणजे पित्ताचीच. खरी भूक लागली असता त्या वेळी जेवण्यात शास्त्रदृष्ट्या वावगे काही नाही. अधिक विचारता कळले, की रुग्णा शनिवारी रात्री अकरानंतर जेवे, रविवारी नऊ वाजता चहा-बिस्किटे घेई व त्यावर ब्रंच. म्हणजे दोष ब्रंचच्या वेळेचा नव्हता, अध्यशनाचा होता. आणि तो आमच्या प्रश्नावलीतून निसटला होता.

आम्ही ब्रंच बंद केले नाही. शनिवारचे भोजन आठपर्यंत, रविवारी भूक लागेपर्यंत काही नाही, तेथे एकच पदार्थ, मध वर्ज्य, कोम्बुचाऐवजी साधे पाणी, एवढेच लिहून दिले. त्यानंतरचे तीन सोमवार तक्रारीविना गेले. औषधे चालूच होती, आणि एका रुग्णेवरून सिद्धांत मांडण्याचा आमचा हेतू नाही. पण मैत्रिणी सोडाव्या लागल्या नाहीत म्हणून तिने पथ्य पाळले, हे निश्चित.

वैद्यबंधुभगिनींनो, आपला पथ्याचा कागद एकदा काढून पाहावा. औषधालयचालकांनीही सोमवारी सकाळी अविपत्तिकर मागणाऱ्यास पुडी देताना एवढेच विचारावे: "काल काय खाल्लेत, आणि त्याआधी केव्हा?" आणि उत्तरात अनोळखी नाव आले, तर रागे न भरता त्यात काय असते ते विचारून घ्यावे. रागावणाऱ्या वैद्यास रुग्ण खरे सांगत नाही, हा धडा आम्ही तीन महिने उशिरा शिकलो.