पहिली नोकरी, माणसाला चालवण्याची!

“तुमची लेक काय करते हो?” या प्रश्नाला ‘बँकेत आहे’, ‘शाळेवर आहे’, ‘दवाखाना काढलाय’ ही उत्तरे आपल्या जिभेवर बसलेली आहेत. पण ‘गेममध्ये ॲनिमेशन करते’ म्हटले की समोरची बाई क्षणभर गप्प होते आणि मग हळूच विचारते, “म्हणजे दिवसभर गेम खेळते? आणि त्याचे पैसे देतात?”

पुण्या-मुंबईकडच्या कितीतरी घरांत आता हा प्रश्न येतो. मुलगी पदवी घेऊन, पहिल्या नोकरीचे पत्र हातात धरून उभी असते आणि नक्की कशाचे अभिनंदन करायचे ते आईला उमगत नाही. म्हणून मैत्रिणींनो, आधी काम काय ते समजून घेऊ या.

सिनेमातले चित्र सेकंदाला चोवीस वेळा बदलते, गेममध्ये बहुधा तीस किंवा साठ वेळा. पण खरा फरक आकड्यांत नाही. सिनेमात नायिका केव्हा धावणार हे दिग्दर्शक ठरवतो. गेममध्ये ते ठरवतो खेळणारा! त्याने मधेच बटण दाबले तर चालता चालता, पाय हवेत असतानाही तिला उडी मारता आली पाहिजे आणि पुन्हा चालू लागताना कुठे सांधा दिसता कामा नये. एवढेच नव्हे, नुसते उभे राहणेही करावे लागते. कारण जिवंत माणूस पुतळ्यासारखा उभा राहत नाही. तो श्वास घेतो, या पायावरचा भार त्या पायावर टाकतो. याला त्या धंद्यात ‘आयडल’ म्हणतात, आणि नव्या मुलीच्या वाट्याला पहिल्यांदा बहुधा अशीच कामे येतात.

ही चाल आणायची कुठून? जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतले. त्यातून १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम तयार झाला. आज नटाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल थेट संगणकात घेता येते. पण ती जशीच्या तशी कामाला येत नाही. पाय जमिनीवरून घसरतो, हात अंगात घुसतो. ते निस्तरत बसणे हेही नवशिक्यांचेच काम. (वाटाणे सोलायला धाकट्या जावेलाच बसवतात, तसे!)

आणि हे खूळ आपल्याकडे कालपरवा आलेले नाही बरं का. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ साली सुरू झाला आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत तिथे घडले. युबिसॉफ्ट ही फ्रेंच गेम कंपनी २००८ मध्ये पुण्यात आली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला. त्यात भावाला शोधायला निघालेली एक डोंबारीण मुलगी राक्षसांशी लढते.

आता नोकरीतले पहिले काही महिने. कॉलेजात मुलीने स्वतःची छोटी फिल्म केलेली असते, शेवटी तिचे नाव झळकलेले असते, सगळ्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात. इथे तीन आठवडे एका शिपायाला दगडावर बसवायचे! तेही परत येते. शेरा एकच, “वजन वाटत नाही.” माझ्या मैत्रिणीची मुलगी यावरून रडकुंडीला आली होती. तेव्हा तिच्या आईने काय करावे? भरलेली बादली उचलून घरभर चालून दाखवली. “बघ, बादली उजवीकडे तर अंग डावीकडे जातं, मोकळा हात आपोआप बाहेर येतो, आणि पाऊल आखूड पडतं.” मुलीने मोबाईलवर ते टिपून घेतले. आपण बायकांनी आयुष्यभर घागरी, पिशव्या आणि पोरे कडेवर वाहिली आहेत. वजनाचे हे शिक्षण घरात फुकट मिळते, ते मुलींनी जरूर घ्यावे.

नेमणुकीचे पत्र मात्र दोघींनी मिळून वाचा. उमेदवारीचा काळ किती, सोडायचे झाले तर किती दिवस आधी कळवायचे, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आणि मुख्य म्हणजे अमुक वर्षे सोडता येणार नाही असा बाँड आहे का. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेऊ म्हणाले तर सरळ नकार द्या. नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्याच्या पायरीला तर पायच लावू नये. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, असे २०१३ चा कायदा सांगतो. तिच्यावर कोण आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. गेम बाजारात येईपर्यंत त्यातले एक चित्रही बाहेर जाता कामा नये. मावशीला कौतुकाने पडद्याचा फोटो पाठवला, एवढ्यावरून नोकरी जाऊ शकते. पण याची एक चुटपुट लावणारी बाजू आहे. गेमला तीन-चार वर्षे लागतात आणि कधी तो मधेच बंद पडतो, नाहीतर दुसरीकडे जातो. त्याच ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या मालिकेतल्या एका जुन्या गेमची नवी आवृत्ती पुण्या-मुंबईत होत असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले होते, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेले. अशा वेळी मुलीने दोन वर्षे खपून केलेले काम दाखवायचे कुठे? २०२३ आणि २०२४ साली जगभर या धंद्यातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा ही भीती पोकळ नाही. म्हणून घरी, ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनावर, महिन्याला एखादी छोटी हालचाल स्वतःची म्हणून करीत जावी. नमुन्याची चित्रफीत मिनिटभराचीच असावी, उत्तम ते सर्वांत आधी. आणि तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक बँकेत पडेपर्यंत नवा फोन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत.

रात्री उशीर होतो का? होतो. गेम पुरा करून द्यायची तारीख जवळ आली की होतो. वर्षातून एक-दोनदा झाला तर घरच्यांनी ताट झाकून ठेवावे आणि शेजारणीच्या “स्थळं बघताय ना?” कडे दुर्लक्ष करावे. दर महिन्याला होऊ लागला तर तो मुलीचा आळस नव्हे, वरच्यांच्या आखणीतला घोळ आहे. दुसरीकडे अर्ज करायला लागावे. घरी पोचवायला गाडी आहे का, हे आधीच विचारलेले बरे. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबवर पाहावे. मनगट दुखू लागले तर बाम चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक. गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांच्या नावांची यादी येते. मधेच नोकरी सोडलेल्यांची नावे तिच्यातून गळल्याचे प्रकार झाले आहेत. सोडताना ही गोष्ट लेखी विचारून घ्या, आणि नाव कसे छापायचे तेही कळवा. लग्नानंतर आडनाव बदलणार असाल तर माहेरचे की सासरचे, ते आधीच ठरवलेले बरे. सगळ्या कामांवर एकच राहिले म्हणजे पुढच्या कंपनीला शोधायला सोपे जाते.